सायकलच्या हँडलावरील पिशवीस घरगुती आधार



शाळा भरण्याच्या सुमारास जळगावातील एखाद्या शाळेच्या फाटकाशी, किंवा धुळ्यात देवपुराकडून पांझरेच्या पुलावरून गावात येणाऱ्या रस्त्यावर, पाच मिनिटे उभे राहून सायकलींकडे लक्षपूर्वक पाहावे. पुष्कळ सायकलींच्या हँडलास काही ना काही लटकलेले दिसेल. कोणाचे दप्तर, कोणाचा डबा, कोणाची पाण्याची बाटली. आणि वडील माणूस असल्यास भाजीची पिशवी. मागे कॅरिअर असते, नाही असे नाही. परंतु त्याची स्प्रिंग सैल झालेली असते, किंवा तेथे धाकटा भाऊ बसलेला असतो. शिवाय आपली वस्तू आपल्या डोळ्यांसमोर असावी ही मनुष्याची स्वाभाविक इच्छा आहे. तेव्हा पिशवी पुढे बाळगण्याच्या ह्या सवयीस नावे ठेवण्याकरिता मी बोलावयास आलेलो नाही. पिशवी पुढे असणे सोयीचेच आहे. ती लटकत असावी की उभी असावी, एवढाच माझा प्रश्न आहे. लटकणारी पिशवी धोक्याची असते. खाली टेकलेली आणि वर धरलेली पिशवी निर्धोक असते. आणि लटकणारीस उभी करण्यास जो आधार लागतो तो दोन बांबूच्या कामट्या, एक फळीचा तुकडा व थोडी दोरी एवढ्या साहित्यात घरच्या घरी तयार होतो. तो कसा करावा हे सांगण्यापूर्वी तो का करावा हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. कारण जे ‘का’ समजून घेतात त्यांचे ‘कसे’ क्वचितच चुकते.

पुढच्या चाकाजवळ लोंबणारा पट्टा आऱ्यांत सापडला म्हणजे काय होते, हे डोळ्यांसमोर आणावे. तो एका फेऱ्यात चिमट्यापर्यंत ओढला जातो आणि चाक जागच्या जागी अडते. मागचे चाक अडले तर सायकल फरफटते, घसरते, फार तर आडवी होते. पुढचे चाक अडले म्हणजे सायकल थांबते, परंतु तिच्यावर बसलेले मूल थांबत नाही. ते हँडलावरून पुढे फेकले जाते आणि बहुधा डोक्यावर किंवा तोंडावर पडते. पिशवीचा पट्टा म्हणजे क्षुल्लक वस्तू खरी, परंतु हा परिणाम क्षुल्लक नव्हे.

दुसरा धोका ब्रेकांचा. जुन्या घडणीच्या काळ्या सायकलीस सळईचे ब्रेक असतात. मुठीखालची पट्टी आपण वर ओढतो, तिच्याबरोबर हँडलाखालील सळई फिरते, तिच्यामुळे पुढील उभी सळई वर उचलली जाते आणि ब्रेकचे रबर रिमेवर दाबले जाते. ह्या साऱ्या खटाटोपात सळई वर जाणे हेच मुख्य काम. आता तिच्यावरच तीन किलोंचे दप्तर अडकविले तर ती वर जावी कशी? तारेच्या ब्रेकांची अवस्था निराळी, परंतु बरी नव्हे. पिशवीच्या भाराने तार एका ठिकाणी मुडपते आणि आतल्या आत घट्ट धरली जाते. ब्रेक लागतो, पण उशिरा. किंवा लागतो आणि सुटत नाही.

तिसरी गोष्ट तोलाची. हँडल ज्या नळीत फिरते ती नळी सरळ उभी नसते. तिचे वरचे टोक स्वाराकडे कललेले असते. ह्यामुळे उजवी मूठ मागे गेली म्हणजे ती किंचित खालीही जाते. वजनास खाली जाण्याचा मार्ग मिळाला की ते तो घेतल्यावाचून राहत नाही. प्रत्यय पाहावयाचा असल्यास अंगणात सायकल सीटला धरून सरळ उभी करावी, हँडल मोकळे सोडावे, आणि उजव्या मुठीस दोन किलोंची पिशवी अडकवावी. हँडल आपण होऊन उजवीकडे वळेल. चालत्या सायकलीवर मुलाचा डावा हात हे वळण सतत परतवीत असतो; आपण असे काही करीत आहोत हे त्या मुलाच्या ध्यानातही नसते. एका हाताने घाम पुसू गेले, किंवा मागून मोटारीचा कर्णा वाजला म्हणून दचकले, की तेवढ्या क्षणात सायकल उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या मध्याकडे, कलते.

कोणी म्हणेल, दोन्ही मुठींस सारख्या वजनाच्या दोन पिशव्या अडकविल्या म्हणजे झाले. वळण्याची ओढ त्याने थांबेल हे खरे. परंतु हँडल फिरविणे जड होईल, आणि ते किती जड व्हावे ह्यासही हिशेब आहे. मध्यापासून वजनाचे अंतर दुप्पट केले तर फिरविण्याचा जडपणा चौपट होतो. म्हणून जे काही ठेवावयाचे ते मध्यभागी, हँडलाच्या फिरण्याच्या अक्षालगत ठेवावे, हा पहिला नियम.

झोक्याचीही गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे, आणि मला स्वतःला ती फार मौजेची वाटते. लटकलेली पिशवी हा एक लंबकच होय. पाव मीटर लांबीच्या लंबकास एक पूर्ण हेलकावा घेण्यास सुमारे एक सेकंद लागतो. पिशवीत दोन वह्या असोत की दहा, त्यात विशेष फरक पडत नाही. इकडे मूल बेताच्या वेगाने सायकल चालविते तेव्हा पायडल मिनिटास साठाच्या आसपास फेरे घेते, म्हणजे सेकंदास एक. झोपाळ्यावर बसलेल्यास नेमक्या वेळी हलका धक्का देत गेल्यास झोपाळा कसा वाढत जातो, हे आपण जाणतोच. येथे पाय हे धक्का देणारे आणि पिशवी हा झोपाळा. दोघांचा ताल जुळला की पिशवी गुडघ्यावर आपटू लागते, आणि मूल तिला थोपविण्यासाठी एक हात सोडते.

ह्या सर्वांवर उपाय कोणता, हे सांगण्यास फार दूर जावे लागत नाही. मुलींच्या सायकलीस पुढे जी बास्केट असते तिच्या खालून दोन बारीक सळया निघून पुढच्या चाकाच्या आसापर्यंत गेलेल्या असतात. त्या सळया शोभेसाठी नव्हेत. बास्केटमधील भार त्या सरळ आसावर, म्हणजे चाकावर, म्हणजे जमिनीवर पोहोचवितात. हँडलाकडे केवळ बास्केटीस मागे धरून ठेवण्याचे काम राहते. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींस सायकली मिळतात, ही मोठी इष्ट गोष्ट आहे. अशा कोणत्याही सायकलीवर ह्या दोन सळयांपैकी एखादी निखळली असल्यास ती आधी बसवून घ्यावी. सळईवाचून बास्केट म्हणजे हँडलास लटकलेली पिशवीच. फरक इतकाच की ती तारेची आहे.

फ्रान्समधील लांब पल्ल्याचे सायकलस्वारही ह्याच तत्त्वाने चालतात. पॅरिसहून ब्रेस्त बंदरापर्यंत जाऊन परत पॅरिसास येण्याचा सुमारे १,२०० किलोमीटरांचा सायकलप्रवास प्रथम १८९१ साली झाला. अशा प्रवासास जाणाऱ्या तेथील स्वारांमध्ये पुढच्या चाकावर एक लहानशी बैठक बसवून तीवर चौकोनी पिशवी ठेवण्याची पद्धत रूढ झाली. पिशवीची वरची कड हँडलाच्या खुंटाशी धरून ठेवण्यासाठी एक लहान आकडा असतो. त्यास ते ‘देकालर’ म्हणतात. बैठक भार घेते, आकडा केवळ तोल धरतो. आपण जे करणार आहोत ते ह्याचेच खानदेशी रूप आहे, एवढे म्हटले तरी चालेल.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आपल्याला एक लहान शिडी करावयाची आहे. तिचे दोन पाय पुढच्या आसाशी जखडलेले, डोके हँडलास बांधलेले, आणि मध्यावर पुढे आलेली एक फळी. पिशवी फळीवर बसेल आणि शिडीस पाठ टेकेल. शिडी हँडलाबरोबर मागे कललेली असल्यामुळे पिशवीही आपोआप मागे रेलते, हा त्यातील लाभ.

पायांसाठी मी लोखंड किंवा ॲल्युमिनियम न सुचविता बांबू सुचवितो. ह्यात स्वदेशीचा अभिनिवेश नाही, गणित आहे. तीन मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी पाऊण मीटर लांब घेतली तर ती भाराखाली धनुष्यासारखी वाकू पाहते. लोखंडाची घ्यावी तर दोन पायांचेच वजन पाऊण किलोच्या घरात जाते. आठ मिलिमीटर जाडीची बांबूची कामटी ह्या दोहोंहून ताठ, आणि वजनास शंभर ग्रॅमच्या आसपास. इंग्लंडात १८९० नंतरच्या दशकात सबंध सायकलीच बांबूच्या करून विकल्या जात होत्या, तेव्हा दोन कामट्यांवर विश्वास टाकण्यास हरकत नसावी.

सातपुड्यातील मानवेल बांबू ह्या कामास उत्तम. तो भरीव असतो. बुरुडाकडून जून, वाळलेल्या बांबूच्या दोन कामट्या फाडून घ्याव्यात. रुंदी पंचवीस मिलिमीटर, जाडी आठ. हिरवा बांबू घेऊ नये. तो वाळताना आकसतो आणि त्यावर घट्ट बांधलेली दोरी महिन्याभरात सैल पडते. बांबूस भुंगा लागतो तो त्यातील पिष्टामुळे. म्हणून तोडलेला बांबू काही दिवस पाण्यात बुडवून मग सावलीत वाळविण्याची जुनी रीत आहे, आणि ती सशास्त्र आहे. आणखी एक गोष्ट. बांबूचे बळ त्याच्या बाहेरच्या सालीलगतच्या तंतूंत असते. कामटी गुळगुळीत दिसावी म्हणून साल तासून टाकणारे हौशी कारागीर तिचे बळच तासून टाकतात. गुळगुळीत करावयाची ती आतली बाजू आणि कडा, त्याही काचकागदाने, हातात कुसळ जाऊ नये एवढ्यापुरत्या.

लांबीचे माप पुस्तकातून घेऊ नये, सायकलीवरून घ्यावे. आसापासून हँडलाच्या दांड्यापर्यंत सुतळी ताणावी आणि वर चार बोटे अधिक धरावी. मोठ्या अठ्ठावीस इंची सायकलीवर हे माप पंच्याहत्तर ते ऐंशी सेंटिमीटर भरते. लहान मुलांच्या सायकलीवर अर्थातच कमी.

बांबूस सरळ आसाचे भोक पाडले तर नट आवळताना तो फुटतो. म्हणून प्रत्येक पायाच्या तळाशी लोखंडाच्या पट्टीचा वीतभराहून थोडा लहान तुकडा दोन बोल्टांनी जोडावा आणि आसाचे भोक त्या पट्टीस पाडावे. बांबूतील बोल्टांची भोके तापविलेल्या सळईने पाडली तर कामटी चिरत नाही. मात्र हे काम वडील माणसानेच करावे. बोल्टांखाली दोन्ही बाजूंस वायसर घालावेत.

आसाचा नट सोडून ही पट्टी आत घातल्यावर एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी: नट पुरा आवळल्यानंतर त्याच्या बाहेर आसाचे दोन-तीन आटे दिसलेच पाहिजेत. दिसत नसतील तर पट्टीमुळे नटास धरावयास जागा उरली नाही असे समजावे आणि हा मार्ग सोडून द्यावा. चाक निखळण्याचा धोका पत्करून पिशवी सावरण्यात अर्थ नाही. अशा वेळी नळजोडणीच्या दुकानात मिळणाऱ्या पाइपच्या क्लँपा घेऊन, आत जुन्या ट्यूबचा तुकडा घालून, पाय चिमट्याच्या दोन्ही दांड्यांस आसाच्या थोडे वर आवळावेत. बळ थोडे कमी मिळते, परंतु चाक सुरक्षित राहते. नट सोडला असल्यास परत आवळताना चाक चिमट्याच्या बरोबर मध्यावर आहे ना हेही पाहावे.

पायांस जोडणाऱ्या आडव्या कामट्या तीन पुरेत. एक फळीच्या उंचीवर, एक तिच्या वर मधोमध, एक डोक्याशी. शिडी खाली चिमट्याएवढी अरुंद आणि वर अठरा सेंटिमीटरपर्यंत रुंद असावी. म्हणजे ब्रेकची रकाब पायांच्या आत मोकळी राहते. सांधे खिळ्यांनी न ठोकता जुन्या ट्यूबच्या बोटभर रुंद पट्ट्या ताणून फुलीसारख्या गुंडाळाव्यात आणि वरून सुती दोरीने आवळावे. ताणलेले रबर सांध्यास सतत दाबून धरते आणि खड्ड्यांचा हिसकाही पचविते. पंक्चरवाल्याकडे अशा ट्यूबा मागितल्या तर तो बहुधा पैसे घेत नाही.

फळी वीस सेंटिमीटर रुंद व पंधरा सेंटिमीटर पुढे आलेली असावी. प्लायवुडचा एक सेंटिमीटर जाडीचा तुकडा उत्तम. ती किती उंचीवर बसवावी? मडगार्डच्या माथ्यापासून निदान चार बोटे वर. ह्यात काटकसर करू नये. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डवर कसा साचतो हे खानदेशात सांगावयास नको. फळीची मागची कड दोन काटकोनी पट्ट्यांनी शिडीच्या खालच्या आडव्या कामटीस जोडावी. पुढच्या कडेस बोटभर उंच काठ ठोकावा, म्हणजे पिशवी पुढे घसरणार नाही.

फळीची पुढची बाजू अधांतरी राहिली, तिला आधार कोठून द्यावा? पुष्कळांस सुचते ते खालून तिरपा टेकू लावण्याचे. तो लावू नये. टेकू चाकाच्या बाजूने खाली जातो, आणि तो निसटलाच तर आऱ्यांत शिरतो. त्याऐवजी फळीच्या पुढच्या दोन कोपऱ्यांस भोके पाडून तेथून नायलॉनच्या दोन दोऱ्या शिडीच्या डोक्याकडे ताणून बांधाव्यात. जुन्या घरांत भिंतीवरील फळी साखळ्यांनी वर टांगलेली असे, तीच ही युक्ती. दोरी तुटलीच तर फळी मडगार्डवर टेकते. चाक अडत नाही. दोऱ्यांचा ताण असा ठेवावा की फळी स्वाराकडे किंचित उतरती राहील.

शिडीचे डोके हँडलास बांधताना ठिबक सिंचनाच्या काळ्या नळीचे दोन तुकडे आणावेत. जळगाव जिल्ह्यात ही वस्तू कोणत्याही शेतकऱ्याच्या खळ्यावर सापडते. तुकडा लांबीत चिरून हँडलाच्या दांड्यावर बसविला की मुलामा खरवडत नाही आणि दोरी सरकत नाही. ही नळी काळी असते ती तीत मिसळलेल्या काजळीमुळे, आणि त्या काजळीमुळेच ती वर्षानुवर्षे उन्हात टिकते. पांढऱ्या प्लास्टिकच्या दातेरी पट्ट्या, ज्या हल्ली सर्वत्र बांधावयास वापरतात, त्यांस हा गुण नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो. शाळेच्या पटांगणात उभ्या सायकलीवर अशी पट्टी ठिसूळ होऊन केव्हा तटकन तुटेल ह्याचा नेम नसतो. रबराच्या पट्ट्यांसही ऊन बाधते, म्हणून दर वर्षी शाळा सुरू होण्यापूर्वी त्या नव्या घालाव्यात.

सळईचे ब्रेक असल्यास शिडी आणि दांडा यांच्यामध्ये तीन सेंटिमीटर जाडीचे लाकडी ठोकळे घालून शिडी सळईपासून दूर ठेवावी, आणि दोरी दांडा व सळई यांच्या मधून ओवावी. सळईस वेढा पडता कामा नये. ह्याहूनही महत्त्वाचे असे की शिडीचा कोणताही भाग सायकलच्या सांगाड्यास, म्हणजे हँडल ज्या नळीत फिरते त्या नळीस, बांधू नये. चाक, चिमटा आणि हँडल ही एकत्र फिरतात. सांगाडा फिरत नाही. फिरणाऱ्यास न फिरणाऱ्याशी जखडले तर पहिल्याच वळणावर एक तर दोरी तुटेल किंवा हँडल अडेल.

पिशवीविषयी थोडेच सांगतो. तळ रुंद, कापड जाड, आणि तोंड बंद होणारे असावे. पट्टे पिशवीच्या आत दुमडून टाकावेत, बाहेर एकही टोक लोंबू देऊ नये. पिशवी फळीवर ठेवल्यावर एक पट्टा तिच्या कमरेभोवती घेऊन शिडीच्या मधल्या कामटीस बांधावा.

वजन तीन किलोंहून अधिक नसावे. शालेय दप्तराविषयी केंद्र सरकारचे जे धोरण २०२० साली जाहीर झाले त्यात दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नसावे असे म्हटले आहे. पस्तीस किलो वजनाच्या मुलीचे दप्तर ह्या मापाने साडेतीन किलोंचे होते. तेव्हा जड पुस्तके मागच्या कॅरिअरवर पक्की बांधावीत, आणि डबा, पाण्याची बाटली व वह्या पुढे ठेवाव्यात; दोन्ही चाकांस वाटणी मिळते आणि सायकल अधिक स्थिर चालते.

सर्व जुळणी झाल्यावर मुलाच्या हाती सायकल देण्यापूर्वी घरातील वडील माणसाने ती पारखावी. हँडल डावीकडे व उजवीकडे शेवटपर्यंत फिरवून कोठे घासते का, ताण पडतो का, हे पाहावे. दोन्ही ब्रेक दाबून सोडावेत. सुटताना ते चपळपणे सुटले पाहिजेत. पुढचे चाक उचलून जोराने फिरवावे आणि कान देऊन ऐकावे. नंतर फळीवर तीन किलोंची भरलेली पिशवी बांधून पुढचे चाक वीतभर उचलावे व सोडावे, असे पाच-सात वेळा करावे. गतिरोधकावर बसणारा हिसका साधारण असाच असतो. त्यानंतर सर्व गाठी, बोल्ट आणि आसाचे नट पुन्हा तपासावेत. पहिल्या आठवड्यात ही तपासणी रोज, पुढे दर रविवारी चाकांत हवा भरताना करावी. पहिला पाऊस झाल्यावर सुती दोऱ्यांकडे विशेष लक्ष द्यावे. भिजल्यावर त्या आवळतात आणि वाळल्यावर पूर्वीपेक्षा सैल होतात, तेव्हा दुसऱ्या दिवशी कोरड्या उन्हात त्या एकदा नव्याने बांधून घ्याव्यात.